सापळा माश्यांनी भरतोय, तरी हापूसमध्ये अळी का?

कातळावरची_बाग:
देवगडजवळ हापूसची साठ कलमं आहेत. मार्चअखेर फळमाशीचे रक्षक सापळे टांगले. दर आठवड्याला मूठभर मेलेल्या माश्या निघतात. तरी परवा अढीतला आंबा कापला, तर आत पांढऱ्या अळ्या. सुरी लागताच टुणकन उडाल्या. गिऱ्हाइकाच्या घरी असं निघालं तर काय तोंड दाखवू? सापळे वाढवू का?

रायवळ:
दुप्पट करा. मीही तेच करणार आहे.

जुनी_कलमं:
थांबा, सापळे वाढवून मादी हाती लागणार नाही. सापळ्यातल्या ठोकळ्याला लावलेलं मिथिल युजेनॉल हे वासाचं द्रव्य फक्त नराला ओढतं. तुळशीत आणि सिट्रोनेला तेलातही असतं ते. ह्या तेलावर नर जमतात हे बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ सालीच नोंदवलं होतं.

सापळ्यातल्या माश्या कागदावर पसरा आणि भिंगातून बघा. पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी असेल तर ती मादी. नर मेले की मीलन कमी होतं, म्हणून सापळा हवाच, पण तो गावातल्या सगळ्या बागांनी लावला तर. शेजारच्या बागेतून आलेल्या गाभण मादीला तुमच्या ठोकळ्याचं काही देणंघेणं नाही. ती आंब्याच्या वासावर येते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत दिसलं की आंब्याच्या वासातलं गॅमा-ऑक्टालॅक्टोन मादीला अंडी घालायला लावतं. थोडं नारळासारखं, गोडसर वासाचं द्रव्य आहे ते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, वास सुटायच्या आत आंबा उतरवा. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झाला की झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) लावा, झाडावर पिकू देऊ नका. आणि पडीचा, म्हणजे गळून खाली पडलेला आंबा रोज उचला! तोच सगळ्यात जास्त वास मारतो, आणि त्यातली अळी मातीत जाऊन कोश करते. खोल खड्ड्यात पुरा. मादीला अंडी तयार करायला प्रथिनं लागतात, त्यामुळे प्रथिनाचं आमिष मात्र तिला ओढतं. ते कृषी सहायकांना विचारून वापरा.

माहेर_रत्नागिरी:
आमच्या पुण्याच्या ओट्यावर पेटीभोवती घोंगावतात त्या ह्याच का?

जुनी_कलमं:
नाही ताई, ती चिलटं. आंबूस, आंबलेल्या वासावर येतात. धडधाकट आंब्याला भोक पाडत नाहीत.

कातळावरची_बाग:
काका, भिंग घेऊन बसलो. चाळीस माश्या बघितल्या, सुईवाली एकही नाही. आणि पडीचे आंबे मी कुंपणाशी टोपलीत साठवत होतो, बागेच्या वाऱ्याच्या तोंडावरच. आज खड्डा खणला. पुढच्या वर्षी फळांना कागदी पिशव्या घालू का?

जुनी_कलमं:
घाला. आंबा अंड्याएवढा झाला की लगेच. साठ कलमांना मजुरी परवडणार नाही, खालच्या फांद्यांपासून सुरुवात करा.