दारात भारी गाडी आली की घर चोरांच्या नजरेत येतं का? कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

जास्वंद:
दसऱ्याला दादानं मोठी एसयूव्ही घेतली. हार झाला, नारळ झाला, अंबाबाईला जाऊन आलो, पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आईनं धोशा लावलाय, "आता साऱ्या कॉलनीला कळलं. रात्री डोळा लागायचा न्हाई मला." दादाचं म्हणणं, चोर गाडी बघून येत नाही, कुलूप बघून येतो. वहिनी म्हणते, हप्ते किती वर्षं फेडायचेत ते पाटीवर लिहून लावू, चोरच पाच-पन्नास ठेवून जाईल.

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न मनातून जाईना. घर आर. के. नगरच्या बाजूला, बंगला, कंपाउंड छातीएवढं, पोर्चमधली गाडी रस्त्यावरून सरळ दिसते. तुमच्याकडे भारी गाडी आल्यावर काही फरक पडला का? घर फुटलं असेल तर त्यात गाडीचा काही संबंध होता का? स्वतःचा किंवा अगदी शेजारचा अनुभव सांगा. 'मित्राच्या मेहुण्याच्या गावात' नको. नावं, गाडीचे नंबर, घराची खूण कृपया लिहू नका.

साधी_स्प्लेंडर:
माझ्याकडं स्प्लेंडर, तीही वडिलांची. तरी घर फुटलं. चोरानं स्प्लेंडरकडं बघितलंसुद्धा नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

कडुलिंब:
आम्ही रुईकर कॉलनीत. समोरच्या बंगल्यात दोन जर्मन गाड्या, त्यातली एक कायम गेटबाहेर. चोर आले ते त्यांच्या शेजारी, निवृत्त मास्तरांकडे, जिथं वाहन म्हणजे एक सायकल. मास्तर आणि काकू लेकीकडे पुण्याला गेले होते. पेपर बंद करायला विसरले, ते गेटच्या आत साठलेले. आणि दाराला बाहेरून मूठभर पितळी कुलूप, जे चौकातून दिसायचं.

सकाळी मी स्वतः जाऊन बघितलं. कुलूप जसंच्या तसं लागलेलं. कोयंडाच स्क्रूसकट चौकटीतून उपसून काढलेला आणि कुलूप त्याला लोंबकळत होतं. स्क्रू बघितले तर नखाएवढे, जुन्या सागवानात नुसते टेकवल्यासारखे. आत साड्या पलंगावर, देव्हाऱ्याचा खण उघडा आणि स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उपडा केलेला. सोनं तांदळात ठेवतात हे चोरांनाही माहीत आहे, फक्त बायकांना वाटतं की आपल्यालाच सुचलं.

त्या रात्री समोरच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर पोरं मॅच बघत जागी होती. दोन्ही गाड्या खाली उभ्या. कुणी हात लावला नाही.

माजी_ठाणे_अंमलदार:
नोकरी पोलिसात गेली, बरीचशी याच जिल्ह्यात. ताई, तुमचे बंधू निम्मे बरोबर आहेत. घरफोडीवाला कुलूप बघतो हे खरं. दिवसाची घरफोडी साधारण नवरा-बायको दोघंही कामावर गेल्यावर, मुलं शाळेत, म्हणजे अकरा ते चार. रात्रीची झाली तर बंद घर. माणसं झोपलेल्या घरात घुसणारे वेगळे आणि कमी. आधी दिवसाच्या घरफोडीला भादंवि म्हणजे भारतीय दंड विधानाचं कलम ४५४, रात्रीच्या घरफोडीला ४५७ आणि जोडीला घरातल्या चोरीचं ३८० लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आता ३३१ आणि ३०५.

त्याला हवं असतं रोख आणि सोनं. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, खिशात मावतं आणि आटवलं की ओळख पुसली. गाडी नेली तर नंबर, चासी, टोलनाक्यावरचा फास्टॅग, रस्त्यावरचे कॅमेरे, सगळं मागं लागतं. किणी टोलपर्यंत पोचायच्या आधी मालकाचा फोन वाजलेला असतो. म्हणून घर फोडणारा आणि गाडी उचलणारा ही सहसा वेगळी माणसं. गाडी उचलणारे टोळीनं येतात, त्यांना कोणतं मॉडेल पाहिजे ते आधी ठरलेलं असतं आणि तुमच्या तिजोरीत त्यांना रस नसतो.

आता बंधूंचं चुकलेलं निम्मं. चार बंद घरं शेजारी-शेजारी असली तर आधी कुठलं फोडायचं, तिथं मात्र घराचा थाट बघितला जातो. गाडी हा त्यातला एक भाग. नवं ग्रॅनाइट, नवा रंग, एसीचे डबे किती, हेही बघतात.

गूळबाजार:
माझा अनुभव गाडीमुळंच झालेला आहे, त्यामुळे मी 'होय' च्या बाजूला. शाहूपुरीत दुकान. बँकेतून रोकड काढली, बॅग शेजारच्या सीटवर ठेवली, काचा वर. पुढच्या चौकात एक पोरगा काचेवर टकटक करून म्हणाला, "साहेब, इंजिनातून ऑइल गळायला लागलंय." नवी गाडी, जीव घाबरा झाला. उतरून बघतोय तर बोनेटखाली खरंच काळं तेल ओतलेलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडून बॅग गायब. पूर्वीच्या जुन्या व्हॅनमधून हीच रोकड वर्षानुवर्षं नेली, एकदाही कुणी काचेवर टकटक केलं नाही. जुन्या गाडीतून तेल गळलं तर माणूस घरी जाऊन बघतो, नव्या गाडीचा मालक तिथंच उतरतो. त्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

पैसे खाली पडलेत, टायर पंक्चर आहे, हेही त्यातलेच प्रकार. कुणी काहीही सांगितलं तरी आधी सेंट्रल लॉक, मग खाली उतरायचं.

जास्वंद:
गूळबाजार काका, हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. दादा गप्प झालाय.

बर्मिंगहॅमकर:
मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या इंग्लंडात. इकडं तुमच्या प्रश्नाचं उत्तर थेट 'होय' आहे, पण कारण वेगळं. १९९८ पासून इथं नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र, सक्तीचं झालं. पूर्वीसारख्या वायरी जोडून गाडी सुरू होईना, मग चोर किल्लीसाठी घरात शिरायला लागले. टीव्ही, दागिने राहू देत, फक्त दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली घ्यायची आणि गाडी घेऊन जायचं. आमच्या गल्लीत एकाकडं तर दाराच्या पत्रपेटीच्या फटीतून काठीला हूक लावून किल्ली ओढली.

आता किल्ली न लावता उघडणाऱ्या गाड्या आल्यात तर घरात शिरायचीही गरज नाही. एकजण दाराशी यंत्र धरून उभा राहतो, घरातल्या किल्लीचा सिग्नल पकडून लांबवतो, दुसरा गाडीपाशी. गाडीला वाटतं मालक आला. आम्ही किल्ल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, बायकोनं त्यासाठी लाडवाचा डबा दिलाय. डब्यात ठेवून गाडीपाशी जाऊन दार उघडतंय का ते एकदा तपासा, सगळे डबे सारखे नसतात. ताई, दादांची गाडी बटणावर सुरू होणारी असेल तर किल्ली पोर्चच्या बाजूच्या खिडकीत ठेवू नका, एवढं आजच करा.

तांबडा_पांढरा:
लाडवाचा डबा! नाद खुळा भावा. चोराला किल्ली न्हाई तर लाडू तरी गावतील.

अबोली:
इथं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा पहिलं बोट ड्रायव्हरकडे गेलं. भारी गाडी आहे, ड्रायव्हर आहे, त्याला घरातलं सगळं माहीत, मग तोच. सासऱ्यांनी त्याला तोंडावर विचारलं. त्यानं काही न बोलता किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. पुढं तपासात निघाला आमच्याच नात्यातला मुलगा, जो दिवाळीला आमच्या ताटाला ताट लावून जेवला होता. सासरे ड्रायव्हरच्या घरी कसबा बावड्याला जाऊन आले, पण तो परत आला नाही. बरोबरच केलं त्यानं. तेव्हा गाडी धुणारा, ड्रायव्हर, वॉचमन यांच्या नावानं सल्ले देणाऱ्यांनी जरा जपून.

माजी_ठाणे_अंमलदार:
अबोली ताई, शंभर टक्के. माहितीतला माणूस म्हणजे नोकरच, हे डोक्यातून काढायला पाहिजे.

नऊ_नंबरी:
माझी गोष्ट थोडी उलटी आहे. गाडी भारी, रंग भडक आणि नंबर पैसे भरून घेतलेला. एमएच ०९ आणि पुढं हवा तो नंबर, कोल्हापूरकराला आणखी काय पाहिजे. राजारामपुरीत गाडी उभी असली की पोरं फोटो काढायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गाडी पोर्चमध्ये असताना कधी काही झालं नाही. घर फुटलं ते आम्ही गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा. पुढं टोळी सापडली आणि तपास करणाऱ्या साहेबांनी सांगितलं की आमच्या घराची वेगळी अशी रेकी झालीच नव्हती. त्यातला एकजण कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचा. ती गाडी रोज संध्याकाळी येते हे त्याला माहीत होतं. लागोपाठ दोन संध्याकाळी पोर्च मोकळा दिसला, विषय संपला. शेजारच्या घरात साधी आल्टो आहे. ती असते का नसते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात बायकोनं वाटेतनंच स्टेटस टाकलेलं, गाडी आणि समुद्र. ते चोरानं बघितलं नाही, पण बघणाऱ्यांची यादी काढली तर त्यात दूधवाला, इस्त्रीवाला, फर्निचरवाला, प्लंबर सगळे होते. त्यांच्यावर संशय नाही, अबोली ताई. पण एवढ्या लोकांना आपण कळवून जातो हे खरं.

कडुलिंब:
हे पटलं. आमच्या समोरच्यांची एक गाडी कायम बाहेर उभी असते त्याचा उलगडा आत्ता झाला.

जास्वंद:
म्हणजे गाडी दिसते त्याचा त्रास नाही, ती दिसायची थांबली की त्रास. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग कुठं जायचंच न्हाई काय आता?" नंबरवरून घराचा पत्ता काढता येतो का हो? दादानं शोरूममध्ये किल्ली घेताना नंबरसकट फोटो टाकलाय.

माजी_ठाणे_अंमलदार:
सरकारी ॲपवर पूर्वी नंबर टाकला की मालकाचं पूर्ण नाव यायचं. आता नावातली अक्षरं फुल्या घालून झाकलेली असतात आणि पत्ता मिळत नाही. पण आपल्या गावात पत्ता काढायला ॲप कशाला लागतं? पानपट्टीवर विचारलं तर दारापर्यंत सोडून येतात.

दुधाळीकर:
२०१९ च्या पुरात आमच्याकडं पाणी घरात. सगळ्यांनी आधी गाड्या हलवल्या, उंचावर जिथं जागा मिळेल तिथं, आणि माणसं पाहुण्यांकडं. गल्लीच्या गल्ली रिकामी आणि चोरांना अख्खी यादी तयार. मग तालमीतली पोरं गच्चीवर राहिली, पाळ्या लावून बॅटऱ्या मारत. वरून चिवडा, पाण्याच्या बाटल्या यायच्या. आमच्या गल्लीत भारी गाडीवाल्याचं आणि रिक्षावाल्याचं, एकाचंही घर फुटलं नाही. २०२१ ला परत तेच केलं. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा समोरच्या माडीवरची म्हातारी भारी. तिला सांगून जावा.

विमाकाका:
धंदा विम्याचा, पण इथं विकायला आलो नाही. गाडीचा सर्वंकष विमा गाडीचा असतो, गाडीत ठेवलेल्या बॅगेचा नव्हे. गूळबाजार यांना त्यातून काही मिळालं नसणार. गाडीच चोरीला गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि पोलिसांचा तपास लागला नाही असा अहवाल लागतो, ज्याला ए समरी म्हणतात. एक किल्ली हरवली असेल तर आत्ताच कळवून ठेवा, नंतर समजावत बसायला लागतं.

घरफोडीचा विमा वेगळा. त्यात एफआयआर आणि जबरदस्तीनं शिरल्याची खूण लागते, म्हणजे कोयंडा तुटलेला असणं तुमच्या फायद्याचं. दागिन्यांची यादी आणि किंमत आधी दिलेली पाहिजे. लॉकरवाल्यांनी खूश होऊ नये, १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार बँकेत चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. तुमच्या आईंच्या पाटल्या-बांगड्या त्यात बसतात का बघा.

साधी_स्प्लेंडर:
विमाकाका, कोयंडा तुटलेला माझाही होता. फक्त विमा नव्हता.

जास्वंद:
आज दादानं कोयंडा काढून आतून बसणारं लॅच आणि सेफ्टी डोअर करायला सुताराला बोलावलंय. किल्ली गोदरेजच्या कपाटात गेली. नंबरचा फोटो काढून टाकला, नाखुशीनं. पुढच्या महिन्यात लग्नाला साताऱ्याला जायचंय तेव्हा गाडी इथंच ठेवून एसटीनं जावं असं आई म्हणते, आणि दादा म्हणतो, मग गाडी घेतली कशाला. कॅमेरे बसवायचेत. रेकॉर्डिंगची पेटी (डीव्हीआर) कुठं ठेवायची? टीव्हीखाली चालेल?

माजी_ठाणे_अंमलदार:
टीव्हीखाली नको. आत शिरलेला चोर पहिल्यांदा तिथंच बघतो आणि डीव्हीआरच काखोटीला मारून नेतो. माळ्यावर भांड्यांच्या मागं ठेवा, वायर भिंतीतून घ्या, आणि मोबाइलवर दिसेल असं करा. एक कॅमेरा गाडीवर न लावता गेटच्या आतून रस्त्याकडं तोंड करून, डोक्याच्या उंचीला. उंचावर लावला की फक्त टोप्या दिसतात. लग्नाला जाताना पोलीस ठाण्यात कळवून जा. आणि समोरच्या माडीवर कोण म्हातारी असेल तर तिला ११२ नंबर पाठ करून द्या.

नऊ_नंबरी:
आणि गाडी ठेवून जाणार असाल तर कव्हर घालू नका. त्यावर धूळ बसली की लांबून कळतं. भावाला, मित्राला सांगा, एक-दोन दिवसांनी येऊन जागा बदलून लावायला. मी आता मेहुण्याला सांगतो. तो राजारामपुरीभर फिरवून आणतो आणि पेट्रोल माझं जातं, तो भाग वेगळा.