तक्ता चुकलेला नाही

2023च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हरियाणाची 192 पदकं आणि सेनादलाची (सैन्यदलांच्या संघाची) 126, तरी सेनादल हरियाणाच्या वर कसं, म्हणून पदकतक्ता चुकलाय असं इथल्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय. चुकलेला नाही. क्रम सुवर्णांवर लागला: सेनादल 66, हरियाणा 62. बेरीज कोणी विचारात घेत नाही. पहिल्या आलेल्या महाराष्ट्राचा प्रश्नच नव्हता, 80 सुवर्णांसह एकूण 228.

पदकं 'मारली' म्हणतात त्यावरून याच चर्चेत 'मारणे'च्या अर्थांची यादीही झालीय, तिच्यात मात्र एक अर्थ राहिला. बाजी मारणे, गप्पा मारणे, चक्कर मारणे, शिट्टी मारणे, सगळं आलं (आमच्याकडे कोंकणीत हाकसुद्धा 'उलो मारप'च), पण हात मारणे, म्हणजे चोरणे, राहिलं. स्पर्धा संपली त्या रात्री मी घरी ओरडत शिरलो, "आजी, गोव्याने 92 पदकं मारली!" आजी वाटीत सोलं (आमसुलं) भिजत घालत होती. हात तसाच पाण्यात ठेवून तिने विचारलं, "कोणाची रे?" तिच्या लेखी मारलेली वस्तू म्हणजे पाकीट, नाहीतर शेजारच्यांचे आंबे. मी म्हटलं, अगो, जिंकली, त्यातली 27 सोन्याची. "मग जिंकली म्हण की," असं म्हणून तिने सोलं पिळली. आणि थोड्या वेळाने, अगदी गंभीरपणे, "सोनं खरं असतं काय रे त्यात?"