मदत हवी आहे: सिगारेट सोडायची आहे, पहिलं व्हेप कोणतं घेऊ?

अर्धीकांडी

नमस्कार मंडळी,

रोज 15 ते 18 सिगारेटी होतात. सकाळची पहिली डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागतेच. निकोटीनचं च्युइंगम घेऊन पाहिलं, पण घसा जळजळतो, उचक्या लागतात आणि तलफ आहे तिथेच राहते. राहतो त्या देशात ई-सिगारेट कायदेशीर आहे, म्हणून आता तो मार्ग धरायचं ठरवतोय. पण यादी उघडली की डोकं गरगरतं: पॉड, पेन, बॉक्स मॉड, 0.2 ओहम, 1.2 ओहम, 50/50, 70/30, सॉल्ट, फ्रीबेस, 3 मिग्रॅ, 20 मिग्रॅ.

यंत्र कोणतं घ्यावं, निकोटीन किती असावं, आणि सिगारेट एकदम बंद करावी की हळूहळू, एवढं सांगा. "ओढूच नकोस" हा सल्ला घरून रोज मिळतो, तो कृपया वगळा.

ओहमचा_नियम

पहिल्या यंत्राला एकच कसोटी लावा: झुरका सिगारेटसारखा बसतो का? सिगारेटचा धूर आपण आधी तोंडात घेतो आणि मग छातीत, आणि हवा जरा अडून येते. व्हेपमध्ये याला एमटीएल म्हणतात. दुसरा प्रकार डीटीएल. त्यात हुक्क्यासारखा मोकळा झुरका थेट छातीत जातो आणि खोलीभर वाफ होते. सिगारेट सोडणाऱ्याने सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

म्हणजे तुमच्यासाठी पुन्हा भरता येणारं छोटं पॉड यंत्र. पॉड म्हणजे लिक्विड भरायची छोटी टाकी. कॉइल (कापसातलं लिक्विड तापवणारी तार) 0.8 ते 1.2 ओहम, वॅट 10 ते 16 च्या दरम्यान, बॅटरी 700 ते 1000 एमएएच. बाजूला हवा कमी-जास्त करायची छोटी सरकपट्टी असेल तर जरूर घ्या, कारण झुरका किती घट्ट हवा हे प्रत्येकाचं वेगळं असतं. पॉडमधलं लिक्विड बाहेरून दिसलं पाहिजे. काळ्या पॉडमध्ये ते कधी संपलं कळत नाही आणि कापूस जळतो. बटण नसलेलं, ओढलं की आपोआप सुरू होणारं यंत्र नवख्याला सोपं जातं. बॅटरी आतच बसवलेली असू द्या. सुट्या 18650 सेलची (बाहेर काढता येणाऱ्या गोल लिथियम बॅटरीची) यंत्रं नंतर कधी घ्यायची तर घ्या. तो सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

एकदा वापरून फेकायची यंत्रं टाळा. त्यात ना ताकद कमी करता येते ना कॉइल बदलता येते, आणि नकली माल सगळ्यात जास्त तिथेच सापडतो.

आता लिक्विड. 50/50 म्हणजे पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) निम्मं निम्मं. पीजी पातळ असतं आणि घशाला ठोसा देतं, व्हीजी घट्ट असतं आणि वाफ देतं. 1 ओहमच्या आसपासच्या कॉइलची कापसाची भोकं बारीक असतात. तिथे 70 टक्के व्हीजीचं लिक्विड घातलं तर ते वेळेवर आत शिरत नाही, कापूस कोरडा पडतो आणि घशात जळका झुरका येतो. उलट 50/50 लिक्विड 0.2 ओहमच्या मोठ्या कॉइलमध्ये घातलं की गळतं आणि तोंडात गरम थेंब उडतात. नव्या लोकांच्या निम्म्या तक्रारी या एका जोडीच्या चुकीमुळे असतात.

समांतर_रेषा

निकोटीनबद्दल मी लिहितो, कारण बहुतेक जण इथेच गडबडतात. भीतीपोटी 3 मिग्रॅ घेतात, दिवसभर ओढत राहतात, तलफ भागत नाही आणि आठवडाभरात सिगारेटकडे परततात. मग दोष व्हेपला.

एका सिगारेटमधून साधारण 1 ते 1.5 मिग्रॅ निकोटीन अंगात जातं, आणि तेही काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. छोट्या पॉडमधून ते सावकाश मिळतं. तुमचा आकडा आणि सकाळच्या पहिल्या सिगारेटची वेळ पाहता दर मिलिलिटरला 18 ते 20 मिग्रॅचं निकोटीन सॉल्ट योग्य. दिवसाला दहाच्या आसपास ओढणाऱ्याला 10 ते 12 पुरतं, चार-पाच ओढणाऱ्याला 6. सॉल्टच का, तर त्यात बहुतेकदा बेंझोइक आम्ल असतं. त्यामुळे लिक्विडचा अल्कधर्मीपणा कमी होतो आणि 20 मिग्रॅसुद्धा घशाला बोचत नाही. तेवढंच फ्रीबेस (आम्ल न मिसळलेलं निकोटीन) ओढलंत तर खोकून बेजार व्हाल.

लेबल नीट वाचा. 2% म्हणजे दर मिलिलिटरला 20 मिग्रॅ, 2 मिग्रॅ नव्हे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा 20 मिग्रॅ आहे. इतरत्र 50 च्या बाटल्या मिळतात, त्या पहिल्या खरेदीत नकोत.

जास्त झालं तर मळमळ, डोकेदुखी, उचक्या, छातीत धडधड. तेव्हा यंत्र खाली ठेवा, पाणी प्या, बसून राहा. कमी पडलं तर चिडचिड आणि हात सारखा खिशाकडे. दुसरं लक्षण दिसलं की आधी झुरक्यांमधलं अंतर कमी करा, लगेच बाटली बदलू नका.

आणि जाता जाता: तुमच्या उचक्या बहुधा च्युइंगम साध्या गोळीसारखं सतत चघळल्यामुळे आहेत. निकोटीन लाळेबरोबर पोटात गेलं की जळजळ होणारच. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चार-दोनदा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, आम्लामुळे निकोटीन शोषलं जात नाही. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर 2 नव्हे, 4 मिग्रॅचं च्युइंगम लागतं.

मोठ्ठाढग

एवढा घोळ कशाला? 60 वॅटचं यंत्र घ्या, 3 मिग्रॅ भरा, मस्त वाफ काढा. तलफ आपोआप भागते.

ओहमचा_नियम

भागते, पण कशी ते बघा. 60 वॅटला दिवसाला 10-15 मिलिलिटर लिक्विड सहज उडतं, पॉडमध्ये 2 ते 4 पुरतं. जितकं लिक्विड जास्त, तितकं तापलेलं मिश्रण फुप्फुसात जास्त. ज्याला यातूनही एक दिवस बाहेर पडायचंय त्याने कमी वाफ आणि पुरेसं निकोटीन हाच हिशोब धरावा.

समांतर_रेषा

तिसरा प्रश्न राहिलाच. तारीख ठरवा आणि त्या दिवसापासून सिगारेट शून्य. त्याआधी चार-सहा दिवस यंत्राची सवय व्हावी म्हणून दोन्ही चाललं तर चालेल, पण दोन्ही कायम चालू ठेवण्यात हशील नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका 20 ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. "पंधरावरून तीनवर आलो" म्हणून खूश होणारे तिथेच अडकतात.

कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानुसार निकोटीनयुक्त ई-सिगारेटने सोडणाऱ्यांचं प्रमाण निकोटीनच्या पट्ट्या-च्युइंगमपेक्षा जास्त निघालं. म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. जळता तंबाखू नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. निकोटीनचं व्यसन मात्र राहतं. गरोदरपणात किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आणि जो ओढतच नाही त्याने या धाग्यातलं काहीही करू नये.

अर्धीकांडी

सगळ्यांचे आभार. पॉड आणलं, 1 ओहम कॉइल, 50/50, 20 मिग्रॅ सॉल्ट. तीन अडचणी: पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, ओढताना गुळगुळ आवाज येतो आणि तोंडात लिक्विड येतं. शिवाय एक कॉइल पहिल्याच दिवशी जळकी चव द्यायला लागली. धुऊन चालेल का?

कापूसवाला

जळलेला कापूस धुऊन सुधारत नाही, ती कॉइल टाका. पुढची अशी बसवा: कॉइलच्या बाजूच्या भोकांत दिसणाऱ्या कापसावर दोन-तीन थेंब लिक्विड टाका, पांढरा कापूस ओला होऊन पारदर्शक दिसायला लागेपर्यंत थांबा. मग पॉडमध्ये दाबून बसवा, कमाल रेघेच्या खाली भरा, आणि दहा मिनिटं उभं ठेवून द्या. यंत्र सुरू न करता तीन-चार हलके झुरके घ्या म्हणजे लिक्विड आत ओढलं जातं. बटण नसलेल्या यंत्रात यासाठी हवेचं भोक बोटाने झाकायचं. त्यानंतर कॉइलवर छापलेल्या वॅटच्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात. लिक्विड पाव भागावर आलं की भरा, शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ नका.

गुळगुळ म्हणजे कॉइलच्या नळीत लिक्विड साचलंय. बहुतेक वेळा कारण एकच, जोरात ओढणं. सिगारेट विझू नये म्हणून आपण दोन सेकंदांत कचकन ओढतो. इथे तीन-चार सेकंद हळू ओढायचं. जोर लावला की पोकळी तयार होते आणि तापवता येईल त्यापेक्षा जास्त लिक्विड आत खेचलं जातं. आता साचलेलं काढायला पॉड सुटं करा, तोंडाकडची बाजू टिश्यूवर धरून दोनदा झटका, टिश्यूची बारीक गुंडाळी नळीत फिरवा. यंत्राच्या तळाचे सोनेरी संपर्कबिंदूही कोरडे पुसा, तिथे ओल राहिली की यंत्र पॉड ओळखत नाही. तरीही गळत असेल तर कॉइलचं रबरी कडं दुमडलेलं आहे का पाहा.

ठसका बराचसा त्याच कारणाने. हवेची पट्टी थोडी उघडा, वाफ तोंडात क्षणभर धरून मग आत घ्या. सिगारेट बंद झाल्यावरही काही दिवस खोकला राहतो. घसा सारखाच खवखवत राहिला तर पीजी मानवत नसेल, तेव्हा व्हीजी 60 पर्यंतचं चालवून बघा आणि कॉइल 0.8 ची घ्या.

कॉइल सहसा एक ते दोन आठवडे टिकते. गोड मिठाईच्या चवींत सुक्रालोज असतं, ते तारेवर करपून काळा थर धरतं, मग चार दिवसांतही जाते. लिक्विड काळपट झालं तर घाबरू नका, निकोटीनचा हवेशी संबंध आला की रंग बदलतो.

घरातलं इसेन्स किंवा कुठलंही तेल त्यात घालायचं नाही. तेल वाफेबरोबर फुप्फुसात गेलं तर गंभीर आजार होतो. अमेरिकेत 2019 मध्ये फुप्फुसाच्या आजाराची जी साथ आली तिचा मुख्य संबंध गांजाच्या अर्काच्या काडतुसांतल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी निघाला. बिनलेबलची बाटली घेऊ नये ती यासाठीच.

गोळीबंद

एक मुद्दा कुणी मांडला नाही. सिगारेटच्या धुरातल्या डांबरातील घटकांमुळे यकृतातलं एक विकर वेगाने काम करतं, त्यामुळे कॅफिन झपाट्याने बाहेर पडतं. निकोटीनचा यात हात नाही, म्हणून व्हेप चालू असलं तरी धूर बंद होताच हा वेग उतरतो. नेहमीचीच कॉफी मग हात थरथरायला लावते आणि झोप उडवते, आणि माणूस समजतो निकोटीन कमी पडलं. कॉफी निम्मी करा. क्लोझापाइन, ओलान्झापाइन (मानसिक आजारावरची औषधं) किंवा थिओफायलिन (दम्याचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगणं भागच आहे, त्यांची रक्तातली पातळी वाढते.

बाटली मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात. 20 मिग्रॅच्या 10 मिलिलिटर बाटलीत 200 मिग्रॅ निकोटीन असतं, लहान मुलासाठी ते जीवघेणं ठरू शकतं. हातावर सांडलं तर साबणाने लगेच धुवा.

अर्धीकांडी

कॉइलची पद्धत जमली, गुळगुळ थांबली. शेवटचं विचारतो: ताकद कधी उतरवायची? आणि भारतात येताना बरोबर आणलं तर?

समांतर_रेषा

भारतात आणूच नका. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. सिंगापूर आणि थायलंडमध्येही बंदी आहे, तिथे थांबा असेल तरी लक्षात ठेवा. त्या दिवसांसाठी त्वचेवर निकोटीनची पट्टी लावा: दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी 24 तासांची 21 मिग्रॅची असते, रोज जागा बदलून, स्वच्छ आणि कोरड्या त्वचेवर. स्वप्नं विचित्र पडली तर रात्री काढून ठेवा. जोडीला च्युइंगम, आता बरोबर चघळून. जिथे परवानगी आहे तिथल्या विमानप्रवासात यंत्र हातातल्या बॅगेत, बंद करून. चेक-इन सामानात लिथियम बॅटरीचं व्हेप चालत नाही. पॉड रिकामं करून ठेवा, केबिनमधला हवेचा दाब उतरला की आतलं लिक्विड बाहेर येतं.

ताकद उतरवायची घाई नको. सिगारेटशिवाय दोन-तीन महिने निघू द्या. मग 20 वरून 12, त्यावर पाच-सहा आठवडे, मग 6, मग 3. प्रत्येक पायरीला दिवसाला किती मिलिलिटर संपतंय ते पाहा. 12 वर आल्यावर 2 चे 4 मिलिलिटर झाले असतील तर निकोटीन कमी न होता उलट वाढलंय, फक्त बाटली बदललीय. अशा वेळी पायरी मागे घ्या आणि आधी वेळा कमी करा: पहिला झुरका उठल्यावर तासाने, मग दोन तासांनी, रात्री उशाशी यंत्र नाही. सिगारेटची जोरदार हुक्की आली तर मात्र ताकद वाढवायला कचरू नका.