शोषखड्डा भरून वर यायलाय, जमीन काळी आहे. दुसरा खड्डा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. घर परभणीच्या बाहेर, नव्या प्लॉटिंगमध्ये. गटार लाईन आमच्या गल्लीपर्यंत आलेली नाही, म्हणून सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. घरात माणसं सहा. टँक विटांचा, दोन कप्प्यांचा. शोषखड्डा चार फुटी सिमेंटच्या रिंगांचा, आठ फूट खोल, रिंगांना भोकं, भोवती दगड आणि विटांचे तुकडे. मिस्त्री म्हणाला होता खाली मुरूम लागतो, पण तळापर्यंत काळीच माती निघाली.

उन्हाळाभर काहीच त्रास नाही. पोळ्याच्या आसपास पाऊस लागला आणि खालच्या संडासात फ्लश केला की पाणी भांड्यात वर चढायलंय, गुडगुड आवाज येतो. शोषखड्ड्याच्या झाकणाच्या कडेने काळं पाणी बाहेर आलंय, वास तर विचारूच नका. मैला उपसायची गाडी बोलावली, टँक आणि खड्डा दोन्ही रिकामे केले. दोन-चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

एक जण म्हणतो ॲसिड ओता. दुसरा म्हणतो शेजारीच अजून एक खड्डा घ्या. तिसरा म्हणतो सरळ समोरच्या नालीत सोडा, सगळे सोडतात. खर्च करायच्या आधी नेमकं बिघडलंय काय ते कळलं तर बरं.

— काळ्यारानातला

दादा, आधी हे सांगा: न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी कुठं जातं? गच्चीचा पाईप कुठं उतरतो? आणि टँक व खड्डा यांच्या मधल्या चेंबरचं झाकण काढून बघा. चेंबर तुंबलेलं असेल तर दोष पुढं, खड्ड्यात आहे. चेंबर कोरडं आणि संडास तरी वर येत असेल, तर दोष मागं, म्हणजे पाईप चोंदलाय किंवा टँकच्या तोंडाशी अडलंय.

— सेलूकर

चेंबर काठोकाठ भरलेलं आहे. न्हाणी, धुणं, भांडी, सगळं टँकमध्येच जातं. गच्चीचा पाईप खड्ड्यापासून हातभर अंतरावर उतरतो, खाली फरशी नाही. आणखी एक गोष्ट आठवली. गाडी येऊन गेली त्याच दिवशी आम्ही घर बंद करून नांदेडला गेलो होतो आणि त्या रात्री इकडं जोराचा पाऊस झाला. परत आलो तर खड्ड्यात कमरेइतकं पाणी. गढूळ होतं, पण वास फारसा नव्हता.

— काळ्यारानातला

मग उत्तर तुम्हीच दिलंत. घर बंद असताना खड्डा भरला म्हणजे पाणी बाहेरून आत येतंय. रिंगांच्या भोकांतून पाणी जसं बाहेर जातं, तसंच ओल्या जमिनीतून आतही येतं. पावसाळ्यात तुमचा शोषखड्डा विहिरीसारखा वागतोय. गाडीवाल्याला पैसे देऊन तुम्ही रानातलं पावसाचं पाणी उपसताय.

आता उन्हाळ्यात का चालतं? काळी जमीन वाळली की भेगाळते, त्या भेगांतून पाणी निघून जातं. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणं जवळजवळ थांबतं. म्हणून शेजारी दुसरा खड्डा घेतलात तर पुढच्या भादव्यात दोन भरलेले खड्डे होतील.

आधी स्वस्तातली कामं. गच्चीचं पाणी दूर न्या. खड्ड्याचं तोंड वीतभर उंच बांधा आणि भोवती उतार द्या. न्हाणी-धुण्याचं पाणी टँकमधून काढा. घरातल्या सांडपाण्याचा मोठा वाटा तोच असतो. टँकच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी-पाईप आहे का बघा. नसेल तर वरची साय थेट खड्ड्यात जाते आणि उरलीसुरली मुरण्याची जागाही बुजवते. ॲसिडने टँकमधले जिवाणू मरतात, मातीला काही फरक पडत नाही.

मग मुरण्याची परीक्षा घ्या. वीतभर रुंद आणि पाणी मुरवायचा चर जिथवर न्यायचा तेवढा खोल खड्डा काढा, बाजू खरवडा, तळाला दोन इंच खडी टाका, पाणी भरून रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर सहा इंच पाणी ठेवा आणि इंचभर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. आयएस २४७० (सेप्टिक टँकचं भारतीय मानक) प्रमाणे ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो, ६० पर्यंत असेल तर उथळ लांब चर, त्याहून जास्त लागलं तर दोन्ही नको, फिल्टर करावा लागतो.

— निवृत्त ओव्हरसियर

एवढं कशाला? आमच्या कॉलनीत शोषखड्ड्यातच बोअर मारला चाळीस फूट. एकदम मोकळा झाला, आजतागायत त्रास नाही.

— बिनधास्त

बिनधास्तभाऊ, त्रास तुम्हाला नसेल, तुमच्या कॉलनीच्या बोअरना असेल. मातीतून हळू झिरपताना जी गाळणी होते ती टाळून तुम्ही मैला थेट खडकाच्या फटींत सोडलाय. हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. धागाकर्ते, तुमचा बोअर खड्ड्यापासून किती लांब?

— लातूरची ताई

पंचवीस-तीस फूट असेल. प्यायला आरओ आहे, पण स्वयंपाकाला बोअरचंच वापरतो.

— काळ्यारानातला

मानकात १८ मीटर सांगितलंय, म्हणजे साधारण साठ फूट. पाण्याची बाटली जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, जिवाणू तपासणी सांगून. तोवर स्वयंपाकाचंही पाणी उकळून घ्या.

न्हाणीच्या पाण्यासाठी नांदेडकडच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावात केलाय तसा छोटा शोषखड्डा करता येतो, पण तो फक्त सांडपाण्याचा, संडासाचा नाही. तुमच्या मातीत मला तोही भरवशाचा वाटत नाही. त्यापेक्षा केळी, अळू, कर्दळीला पाणी सोडा.

आणि हात जोडून सांगते, झाकण काढून कुणालाही आत उतरवू नका, मिस्त्रीलाही नाही आणि स्वतःही नाही. आतला वायू दिसत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हाही आहे.

— लातूरची ताई

परीक्षा घेतली. तासाभरात पाणी जेमतेम अर्धा इंच उतरलं. गच्चीचा पाईप वळवला, न्हाणीचं पाणी केळीकडे काढलं, तेवढ्यानं संडास वर चढायचा थांबलाय. पण खड्डा अजून भरलेलाच आहे. आता चर की फिल्टर?

— काळ्यारानातला

फिल्टर. टँकच्या पुढे बंद बांधकामाचा कप्पा, पाणी तळातून आत शिरून खडीतून वर चढेल असा. त्यातून निघालेलं पाणीही पिण्याजोगं नसतं, म्हणून ते बोअरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तळाला आणि बाजूंना पक्कं अस्तर असलेल्या खडीच्या वाफ्यात कर्दळीला द्या. उघड्या नालीत नको. जुना खड्डा उपसून मुरमाने भरून टाका. काम दिवाळीनंतर काढा, आत्ता खणलंत तर कडा ढासळतील. कप्प्याचं माप टँकच्या मापावर ठरतं, तेव्हा टँकची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली इथं टाका.

— निवृत्त ओव्हरसियर