घर नावावर केलं तरी कर्ज दोघांचंच

परस्पर संमतीने घटस्फोट घेताय आणि फ्लॅटवर कर्ज आहे, तर "फ्लॅट बायकोच्या नावे करून दे, विषय मिटव" हा सल्ला अर्धवट आहे. दोघं सहकर्जदार असाल तर डिक्रीत (कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमात) काहीही लिहा, हप्ता थकला की बँक दोघांनाही धरते. आधी तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतंय का ते विचारा. नसेल बसत, तर विकून उरलेलं वाटून घ्या, सरळ.

बसत असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन बक्षीसपत्र डिक्रीच्या आधी नोंदवा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये (शहरात वर अधिभार). घटस्फोटानंतर नातंच उरत नाही, मग कसली सवलत! फक्त घर देऊन झाल्यावरही कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला घटस्फोटाची संमती मागे घेता येते, हे वकिलाशी आधीच बोलून ठेवा.

सोसायटीचा शेअर दाखलाही बदला. आमच्याकडे एका जोडप्याचं मेंटेनन्स बिल अजून दोघांच्या नावानं येतं, सेक्रेटरी ढिम्म.