‘लावले’, ‘जोडले’, ‘सज्ज’ आणि ‘वर्दी’ : यूएसबीच्या स्थितीसाठी मराठी शब्द

प्रश्न : फोनमधील फोटो संगणकावर पाठवणाऱ्या एका अ‍ॅपचे मराठीकरण मी सोलापुरात करत आहे. ‘कनेक्टेड’साठी मी ‘जोडले’ लिहिले होते. नवी पेठेतील एका कापड दुकानदारांना अ‍ॅप वापरायला दिले, तेव्हा फोनच्या पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “जोडलंय म्हणायलंय, मग फोटो का दिसेनात?” माझा शब्द चुकला का? शिवाय कर्नलमधील (फोनच्या प्रणालीच्या गाभ्यातील) ड्रायव्हर, म्हणजे यूएसबी सांभाळणारा प्रोग्राम, ही स्थिती युजरस्पेसला, म्हणजे अ‍ॅप चालतात त्या भागाला, कळवतो, त्या कळवण्याला ‘अहवाल’ म्हणावे की ‘सूचना’?

उत्तर : शब्द चुकलेला नाही, मात्र त्या एका शब्दावर आपण तीन अवस्थांचा भार टाकला आहे. फोन आपण चार्जिंगला ‘लावतो’. ‘चार्जिंगला जोडला’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. केबल खोचली, वीज आली, एवढ्यासाठी ‘लावले’ हेच क्रियापद हवे, आणि ही विजेची बातमी फोनमध्ये वेगळ्या ड्रायव्हरकडून येतेही. अँड्रॉइड फोनमधील यूएसबीचा ड्रायव्हर ‘कनेक्टेड’ असे कळवतो ते संगणकाकडून पहिली विचारणा आल्यावर. म्हणूनच साध्या चार्जरला लावलेल्या फोनमध्ये ते कळवले जात नाही. दोन्ही बाजूंचे बोलणे सुरू झालेले असल्यामुळे तेथे ‘जोडले’ शोभते. पुढे संगणक साधनाला (येथे फोनला) पत्ता देतो, त्याची वर्णने वाचतो आणि एक कॉन्फिगरेशन, म्हणजे कामाची मांडणी, निवडतो, तेव्हा ‘कॉन्फिगर्ड’ येते. त्यासाठी ‘संरूपित’ नको, ‘सज्ज’ लिहावे. यूएसबी २.० च्या नियमानुसार या निवडीपूर्वी साधनाने १०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घ्यायची असते, निवडीनंतर ५०० पर्यंत घेता येते. इतका हा फरक खरा आहे. दुकानदारांना मात्र फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडेपर्यंत फोटो दिसणार नाहीत, हे ‘सज्ज’च्या खाली वेगळ्या ओळीत सांगावेच लागेल.

कळवण्याबद्दल म्हणाल तर ‘अहवाल’ म्हटले की पानोपानी मजकूर डोळ्यांपुढे येतो, आणि ‘सूचना’ पाळायची असते. माझे मत ठामपणे ‘वर्दी’ला आहे. पाहुणे आल्याची वर्दी देतात, ठाण्यात वर्दी देतात. अँड्रॉइडच्या गाभ्याशी असलेला लिनक्स कर्नल नेटलिंक सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामांना निरोप देण्याच्या वाटेवर, जो ‘यूइव्हेंट’ (घटनेचा निरोप) पाठवतो तो अगदी तसाच असतो : त्या क्षणी ऐकत असेल त्याला तो मिळतो, उशिरा आलेल्यासाठी थांबत नाही. म्हणून उशिरा सुरू झालेल्या प्रोग्रामला सिसएफएसमधील (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतील) फाइल उघडून स्थिती स्वतः वाचावी लागते. वर्दी घडलेली गोष्ट सांगते, तिथे ‘जोडले गेले’ असे लिहावे. फाइल आत्ताची स्थिती सांगते, तिथे ‘जोडलेले आहे’ असे लिहावे. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर धागा सांधला आणि माग चालू आहे, या दोन गोष्टी कोणी एका शब्दात उरकत नाही.

प्रश्नकर्ता : ‘लावले’ आणि ‘वर्दी’ आजच घेतो. एक राहिले : बसवर, म्हणजे यूएसबीच्या माहितीवाहिनीवर, ३ मिलिसेकंद हालचाल नसली की साधन ‘सस्पेंडेड’ होते, तिथे मी ‘निलंबित’ लिहिले आहे.

उत्तर : ‘निलंबित’ हा मराठीत शिक्षेचा शब्द आहे. साधनाचा काही दोष नसतो आणि हालचाल होताच ते पुन्हा कामाला लागते, म्हणून ‘विसावले’ लिहावे.