आडनाव काय? गाव कुठलं? शेती किती? (अनुभव धागा)

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की दोन मिनिटांत हे तीन प्रश्न येतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं, पण उत्तरावर पुढचं बरंच ठरतं. २००९ साली मी राजारामपुरीत भाड्यानं खोली बघत होतो. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, "मग आपलेच की!" म्हणत चहा टाकला, आणि डिपॉझिटचं "बघू सवडीनं". माझ्याच कंपनीतल्या, माझ्याच पगाराच्या मित्राला त्याच आठवड्यात पाच घरांत "कालच दिली हो" ऐकायला मिळालं. शेवटी तो गावाबाहेर राहिला आणि वर्षभर पेट्रोल जाळत ये-जा करत होता. ते पेट्रोल मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

तर लिहा. संस्थांची, माणसांची नावं नकोत. आणि नुसतं काय नाकारलं गेलं तेवढंच नको, न मागता काय मिळालं तेही येऊ दे. ते लिहायला जड जातं, मला गेलं.

लेथवाला

आम्ही बौद्ध. धंदा टर्नरचा. १९९८ ला उद्यमनगरात शेजारच्या लेथवरचा दोस्त आणि मी, दोघांनी आपापलं मशीन घ्यायचं ठरवलं. कोटेशन एकाच डीलरचं, आकडा तोच, बँक तीच. त्याच्याकडं करवीर तालुक्यात दोन एकर ऊस. माझ्या वडिलांच्या नावावर चंदगडकडं दोन एकर दहा गुंठे, म्हणजे माझीच जास्त. सातबारा टेबलावर ठेवला. मॅनेजर भला माणूस, त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं: "नवीन अविभाज्य शर्त".

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महार वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढीजात मिळालेल्या जमिनी, गेली तेव्हा त्या जमिनी आमच्या लोकांना परत मिळाल्या, पण बहुतेक या शर्तीवर. विकायची तर सरकारची परवानगी, वर सरकारला भरायची रक्कम, म्हणजे नजराणा. कुणी फसवून लाटू नये हा हेतू, त्यात वाईट काही नाही. पण जी सहज विकता येत नाही ती जमीन तारण घेऊन बँक करणार काय? शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातली महार वतनं १९१८ लाच मोडून जमिनी रयतावा (इतर शेतकऱ्यांसारख्या स्वतःच्या मालकीच्या) करून दिल्या होत्या. आमचा भाग पडला बेळगाव जिल्ह्यात, कोल्हापुरात आला १९५६ ला. आमचं वतन गेलं १९५८ च्या कायद्यानं. सरहद्द जरा इकडं सरकली असती तर, असं मनात येतं कधी कधी.

दोस्ताला कर्ज दीड महिन्यात मिळालं. मी सात वर्षांनी बायकोचे दागिने आणि भिशी मिळून जुनं मशीन घेतलं. त्याच्याकडं आता चार सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आहेत, माझ्याकडं एक. काम माझं सरस हे तोही म्हणतो. अवघड जॉब अजून माझ्याकडंच धाडतो.

दसरा चौक

आम्ही मराठा. आमच्या घरात "कष्टानं वर आलो" हे रोजच्या भाकरीबरोबर वाढलं जातं. कष्ट होतेच. पणजोबा शेतकरी, आजोबा दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक, वडील वकील, मी डॉक्टर. मुलगा परवा आरक्षणावरून "मेरिट, मेरिट" करायला लागला तेव्हा त्याला शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा वाचायला दिला. संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या रिकाम्या जागा मागासांना. मागास कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून सगळे. म्हणजे आपणच की रे.

"पण ते शंभर वर्षांपूर्वीचं," म्हणाला. हो, आणि आपला दवाखाना ज्या जागेवर उभा आहे ती आजोबांनी १९५२ ला घेतली.

सभासद नसलेली

दिवाळीला कारखान्याची सवलतीची साखर सभासदाला. सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला रान लागतं. आमच्या आईनं तीस वर्षं त्याच उसात भांगलण केली. साखर वाण्याकडून आणायची. एवढंच.

दोन खोल्या

मला धाग्याचा रोख पटला नाही. आम्ही ब्राह्मण. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत आजोबांचं घर गेलं. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला ते सगळ्यांना ठाऊक असतं, आमचं घर कुणाला ठाऊक असणार? वडील मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत वाढले. कॉलेजात फीच्या रांगेत उभा राहून मी सवलतींचा तक्ता वाचायचो. त्यात माझ्यासाठी ओळ नसायची.

(दुसऱ्या दिवशी भर घालतोय.) रात्री आईशी बोललो. घर जळल्यावर आजोबा पुण्याला मावसभावाकडं गेले. त्यानं तिसऱ्याच आठवड्यात छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लावून दिली. अंगावरच्या धोतराशिवाय काही नव्हतं, पण शुद्धलेखन होतं आणि मावसभाऊ होता. रोख अजून पुरता पटलेला नाही. पण हे लिहायला हवं होतं.

शिकागोकर

मूळचा कागलचा. २०१२ ला इथं आलो तो "शून्यातून आलोय" असं सांगत. ऑफिसातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण, हुद्दा माझाच, पण दर महिन्याला आईचं घरभाडं तिच्या पगारातून जातं. तिनं मला १९३० च्या दशकातले नकाशे दाखवले. सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांतल्या वस्त्या रंगवलेल्या: कर्जाला उत्तम त्या हिरव्या, धोक्याच्या त्या लाल. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धातून परतले. सैनिकांच्या घरकर्जाला सरकारची हमी होती, पण त्यांना कर्ज द्यायला बँक तयार नाही. घरांच्या व्यवहारात वर्णभेद करायला कायद्यानं बंदी आली १९६८ ला. तोवर आमच्या गोऱ्या साहेबाच्या आजोबांच्या घराचे हप्ते फिटत आले होते, आणि त्याच घराच्या जिवावर साहेबाचे वडील कॉलेजात गेले.

लेथवाल्यांची "नवीन शर्त" वाचताना तो लाल रंगच डोळ्यांपुढं आला. दुकानात कधी कधी रखवालदार माझ्याही मागं मागं फिरतो, ते आहेच. पण माझ्या शिक्षणकर्जाला जामीन राहिलेले काका जिल्हा परिषदेत होते. शून्यात काका कुठले?

वेणीवाली

कोल्हापुरी चपलेवरची कातड्याची वेणी बघितलीय का जवळून? आमची आई घालायची. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून, घरीच बसून, जोडीमागं पैसे. दुकान कुणा दुसऱ्याचं. शाळेत डबा खायच्या आधी बाई मला एकटीलाच हात धुऊन यायला सांगायच्या.

२०१९ ला चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये एका बड्या कंपनीनं तसलीच चप्पल रॅम्पवर आणली, आधी कोल्हापूरचं नावही न घेता. अख्खं गाव पेटलं, मीपण. स्टेटसला सगळीकडं "आमची कोल्हापुरी, नाद खुळा". माझ्या भावाला आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्या घरमालकाचंही स्टेटस तेच होतं.

रंकाळाकाठ

लेथवाले, ती शर्त निघाली का पुढं?

लेथवाला

नजराणा भरून निघते म्हणतात. बँकेतून आल्या आल्या वडिलांनी अर्ज दिला होता. ते गेले २०११ ला. परवा पोरीनं मोबाईलवर सातबारा काढून दाखवला, आता घरबसल्या दिसतोय. वर माझं नाव लागलंय. खाली "भोगवटादार वर्ग २". म्हणजे शर्त तशीच.